चिंधीचं लुगडं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, तेव्हा वर्षं मोजत कोणी बसलं नव्हतं. वैनगंगेच्या काठचं जंगल तेव्हा आजच्याहून दाट होतं, तलाव आजच्याहून खोल होता, आणि आपलं हे ऐनोडी गाव म्हणजे ढिवरांची सतरा घरं होती. मासे धरायचे, शिंगाडे काढायचे, अंगावर जाडंभरडं सुती नेसायचं. रेशीम हा शब्द कोणाच्या जिभेवर नव्हता. आज तुम्ही बाया कोशाच्या साडीवर हात फिरवता आणि किती मऊ, किती मऊ म्हणता. तिचा पहिला धागा या गावात निघाला, असं म्हणतात. तो निघाला हसतखेळत आणि पुढं त्याचं काय झालं ते सांगायला मी बसले आहे. मधे बोलू नका. हसायची जागा आली की मीच सांगेन, फार जागा नाहीत.

तर या गावात सायत्रा नावाची ढिवरीण होती. तिचा नवरा दसरू, तलावावर जाळं टाकणारा, कमी बोलणारा. सायत्रेला चार लेकरं झाली आणि चारही गेली. एक सहाव्या दिवशी गेलं, एक रांगायला लागून गेलं, दोन तर नाव ठेवायच्या आधीच गेली. पाचव्या वेळी मुलगी झाली. तेव्हा गावच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "सायत्रे, या पोरीचं कौतुक करू नको. मरणाले साजरं लेकरू दिसते, नवं कापड दिसते. हिले नकोशी कर."

मग तिनं काय काय केलं! पोरीला उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीकडून सूपभर कोंडा देऊन परत विकत घेतली. पाच घरं फिरून फाटकी कापडं मागून आणली आणि त्यांत तिला गुंडाळलं. नाव ठेवलं चिंधी. आणि गावाच्या शिवेवर मातामायचा दगड आहे ना, त्याच्यापुढं बसून शब्द दिला, "माय, ज्याचं त्यानं नेसून टाकलं, तेच हिच्या अंगाला लावीन. कोरं कापड कधी लावणार नाही. लावलं, तर तू तुझी घेऊन जा."

असा शब्द द्यायचा नसतो. पण चार लेकरं पुरलेल्या बाईला काय द्यायचं नि काय नाही हे कोण शिकवणार?

चिंधी जगली. नुसती जगली नाही, अशी वाढली की बघत राहावं. बघत राहिलं तरी कोणी बोलून दाखवायचं नाही, सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी नवखा "पोरगी साजरी आहे बाप्पा" म्हणाला, की सायत्रा त्याच्यासमोर थुंकायची आणि म्हणायची, "कशाची साजरी, चिंधी आहे ते." चिंधीला त्याचं भारी हसू यायचं. तिच्या एका लुगड्यात नऊ बायांच्या लुगड्यांची ठिगळं होती. ती एकेका ठिगळावर बोट ठेवून सांगायची, "हे पाटलीणबाई, हे कुंभारीण, हे आमची मावशी. मी एकटी कुठं चालते? नऊ जणी घेऊन चालते." इथं हसा. हीच जागा.

जंगलात जाऊन ती तासन्‌तास ऐनाच्या झाडाखाली बसायची. ऐनाची पानं खाऊन बोटाएवढ्या जाड हिरव्या अळ्या पोसतात आणि मग स्वतःभोवती घर बांधून आत झोपतात. ते घर म्हणजे कोसा. टणक, राखाडी, कोंबडीच्या लहान अंड्याएवढा, देठानं फांदीला टांगलेला. तेव्हा ढिवर लोक कोसा उभा कापून त्याची वादी, म्हणजे लांब चिवट पट्टी, काढायचे आणि जाळ्याला बांधायचे, त्यापलीकडं त्याचा उपयोग कोणाला माहीत नव्हता. लेकरं तो खुळखुळा म्हणून वाजवायची. कारण बंद कोसा कानाशी धरून हलवला की आतला जीव खुळखुळ वाजतो. आतला पतंग भोक पाडून निघून गेला की कोसा गप्प. चिंधी झाडाखाली बसून एकेक कोसा कानाशी धरायची आणि वाजला की म्हणायची, "मालक घरी आहे." नाही वाजला की म्हणायची, "मालक गेला." हे तिचे दोन शब्द ध्यानात ठेवा.

चिंधीनं अठरा पावसाळे पाहिले. त्या काळी अठरा म्हणजे फार झाले. दोन ठिकाणची पाहुणेमंडळी येऊन गेली होती आणि परत गेली होती, एकाच कारणानं. नवरीला कोरं लुगडं नेसवणार नाही म्हणणारी विहीण कोणाला पटेल? मग पोळा झाला आणि नदीपलीकडून पैकू नावाचा ढिवर आपल्या मुलासाठी, मनीरामसाठी, मागणी घालायला आला. मनीरामनं चिंधीला तलावावर पाहिलं होतं आणि घरी जाऊन सांगितलं होतं की करीन तर हीच. चिंधीनंही त्याला पाहिलं होतं. तिनं काही सांगितलं नाही, पण पाहुण्यांना पाणी देताना तिची नजर नदीच्या वाटेकडं गेली, ती आईनं पाहिली.

पैकू भला माणूस होता. पण तो सरळ बोलला. "सायत्राबाई, पोरगी आमच्या मनात भरली. पण दुसऱ्या बाईनं नेसून टाकलेलं लुगडं नेसून माही सून माह्या मांडवात येणार नाही. लोक तोंडावर हसतील. आणि लगन या वैशाखातच लागलं पाहिजे. मनीरामचा आजा अंथरुणाले खिळला आहे. त्याचे डोळे मिटले तर घरात वर्षभर मांडव नाही, आणि वर्षभर पोराले थांबवून ठेवाचं मले जमणार नाही."

बघा कसा पेच पडला. मातामायला दिलेला शब्द म्हणतो कोरं नको. व्याही म्हणतो कोणी नेसलेलं नको. दसरू पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाला, "अठरा वर्षं झाली वो. आण एक कोरं लुगडं. मातामाय विसरली असन."

सायत्रा म्हणाली, "ते विसरत नाही गा. मी चार वेळा पाह्यलं."

दोन दिवस घरात चूल धड पेटली नाही. तिसऱ्या दिवशी चिंधी सकाळीच जंगलात गेली. तिच्यासमोर एका कोशाचं तोंड ओलं झालं, आतून भोक पडलं आणि भिजल्या पंखांचा पतंग बाहेर आला. फांदीवर बसून त्यानं पंख वाळवले, तळहाताएवढे केले आणि उडून गेला. रिकामा कोसा फांदीला तसाच लटकत राहिला. चिंधीनं तो तोडला, कानाशी धरला, हलवला. गप्प. आणि ती उठली ती धावतच घरी.

"माय, हे पाह्य. यानं आपलं घर नेसलं आणि टाकून दिलं. मालक गेला. हे बी चिंधीच झाली ना? आणि हे कोन्या बाईनं नेसलेलं नाही."

सायत्रा म्हणाली, "कोशाचं लुगडं करतेस का वो येडे?" आणि चुलीपुढं जाऊन बसली. तिथं मडक्यात राखेच्या पाण्यात मळके कपडे उकळत होते, आपल्या आज्या करायच्या तसे. चिंधीनं थट्टेनं तो कोसा त्यात टाकला. "मंग चिंध्यांसंगं हे बी धुवून दे."

थोड्या वेळानं कपडे काढताना कोसा काठीला चिकटून वर आला. मऊ पडला होता. सायत्रा तो बोटानं सोडवायला गेली तर बोटासोबत एक तंतू आला. ओढला तर आणखी आला. तिनं तो मांडीवर ठेवून तळव्यानं वळला, जशी जाळ्याची दोरी वळतात तसा, आणि धागा झाला. दुसरा कोसा आणायला चिंधी पळाली तेव्हा तिचा पाय दारात अडखळला, एवढी घाई. रेशमाचा जन्म असा झाला, असं म्हणतात. कोरं नाही आणि कोणी नेसलेलं नाही, असं एक लुगडं एका पोरीला पाहिजे होतं, म्हणून झाला.

मग मायलेकींनी जंगल पालथं घातलं. फुटका कोसा शोधायचा, कानाशी धरायचा, गप्प असला तरच टोपलीत टाकायचा. वाजला तर त्याला हात जोडून तसाच सोडायचा. फुटक्या कोशाचा धागा तुटका असतो. विताविताला गाठ मारावी लागते. दिवाळी गेली, थंडी गेली, सायत्रेच्या मांडीची सालं निघाली. दसरू रोज एक काम करायचा, तलावावरून येताना त्याच्या जाळ्यात चार मासे आणि चाळीस फुटके कोसे असायचे. घरी आला की कोसे टोपलीत ओतायचा.

तीन कोसांवर नागो कोष्टी राहायचा. त्याच्या मागावर धागा नेला तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, "काय वो हे? हे इणू का याच्या गाठी मोजू?" पण गडी कारागीर होता. पहिलं हातभर कापड विणून झालं आणि त्याचं तोंड बंद झालं. मधाच्या रंगाचं, खरबरीत, ऊबदार कापड होतं ते. नागो रोज विणायचा आणि रोज त्याच्यावरून हात फिरवायचा.

फाल्गुन संपला. अंग विणून झालं. काठ नि पदर राहिला. आणि जंगलात फुटका कोसा संपला.

आता हे नीट ऐका, कारण इथंच सगळं झालं. झाडावर कोसे होते. भरपूर होते. पण ते सगळे बंद होते. थंडीत बांधलेला कोसा उन्हाळाभर झोपलेला असतो, त्यातला पतंग पाऊस तोंडावर आला की ज्येष्ठात बाहेर निघतो. लग्न वैशाखात. महिना-दीड महिना, एवढीच वाट पाहायची होती. सायत्रा नदी ओलांडून पैकूकडं गेली आणि पदर पसरून म्हणाली, "ज्येष्ठाच्या आखरीले लगन लावू." पैकूनं तिला आत नेऊन म्हातारा दाखवला. त्याचा श्वास घरघरत होता. पैकू म्हणाला, "तुम्हीच सांगा, ज्येष्ठ पाह्यते का हा?"

सायत्रा परत आली. नावेत तिच्या डोळ्यांपुढं चिंधीची ती नदीच्या वाटेकडं गेलेली नजर येत होती. दोन स्थळं गेली होती, तिसरं गेलं की पोरगी जन्मभर घरात. तिनं कोणाला सांगितलं नाही. एके दिवशी चिंधी बापासोबत शिंगाड्याच्या वेली काढायला तलावावर गेली होती. भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, सायत्रेनं जंगलातून टोपलीभर बंद कोसे आणले. टोपली डोक्यावर होती आणि चालताना सगळी टोपली खुळखुळत होती, असं म्हणतात. तिनं मातामायच्या दगडावरून न जाता लांबची वाट धरली. घरी येऊन पाणी उकळलं, राख टाकली, डोळे मिटले आणि टोपली उपडी केली.

थोडा वेळ मडकं वाजलं. मग गप्प झालं.

आणि त्या कोशांतून धागा निघाला तो निघतच राहिला. कुठं तुटला नाही, कुठं गाठ नाही. एका कोशाचा धागा अंगण ओलांडून गेला. उन्हात तो असा चमकला की सायत्रेनं घाईनं त्याच्यावर घोंगडी टाकली. नागो कोष्ट्यानं त्याचे काठ वेगळे विणून जोडले, पदर विणला, आणि लुगडं तिच्या हातात देताना तो पहिल्यांदा डोळे वर न करता बोलला, "सायत्राबाई, काठाचा धागा निराळा आहे." सायत्रा म्हणाली, "तुमचं काम इणाचं आहे."

लग्नाच्या दिवशी तिनं चिंधीला लुगडं नेसवलं. अंग मधाच्या रंगाचं, काठ सोन्यासारखा. चिंधीनं पदर हातात घेतला, उन्हात धरला आणि विचारलं, "माय, हे सारं फुटक्याचंच आहे ना?"

"फुटक्याचंच आहे वो बाई," सायत्रा म्हणाली.

आई कधी खोटं बोलत नाही असं मी म्हणणार नाही. मीही बोलले आहे, तुम्हीही बोलाल. पोरीचं बरं व्हावं म्हणूनच बोलते ती. पण काय झालं ते झालं.

लग्न लागलं. असं लग्न ऐनोडीनं पाहिलं नव्हतं. नदीपलीकडच्या बाया नवरीचं तोंड सोडून पदरच बघत होत्या. अंथरुणातल्या आज्याला उचलून मांडवात आणलं, त्यानं नातसुनेचा पदर बोटात धरला आणि पहिल्यांदा हसला. आणि कोणीतरी बाई भान हरपून मोठ्यानं बोलून गेली, "काय साजरी दिसते वो पोरगी!" सायत्रेला थुंकायचं होतं. मांडवात थुंकता आलं नाही.

पाचव्या दिवशी चिंधी परतणीला माहेरी आली, तेच लुगडं नेसून, मनीरामसोबत. आली तेव्हाच अंग तापलेलं होतं. वैद्यानं पाला दिला, दसरूनं तलावातून गार पाण्याच्या घागरी आणल्या. ताप उतरेना. दुसऱ्या दिवशी दुपारी चिंधीनं डोळे उघडले आणि पदराचं टोक कानाशी धरलं, जसा ती कोसा धरायची तसं. हलवलं.

"माय," ती म्हणाली, "पदर वाजते."

दसरूनं ऐकलं तर त्याला काही ऐकू आलं नाही. मनीरामला आलं नाही. सायत्रेनं कान लावला आणि तिला ऐकू आलं. खुळखुळ, खुळखुळ. टोपलीभर.

"मालक घरी आहे माय," चिंधी म्हणाली.

तेव्हा सायत्रा खाली बसली आणि तिनं सगळं सांगितलं. नवऱ्यासमोर, जावयासमोर. "काठाले पुरत नव्हतं वो बाई. मी बंद कोसे उकळले. भर दुपारी उकळले. तुह्याशी खोटं बोलली." आणि ती जमिनीवर डोकं आपटायला लागली.

चिंधीला राग आला नाही. उलट ती हसली, असं म्हणतात. "येडी आहेस तू माय. तूच एकडाव नेसून काढलं असतं तर झालं असतं ना जुनं. मायचं नेसलेलं का परक्याचं असते? मामंजीले मी समजावलं असतं."

एवढंसं होतं ते. पाऊण वर्ष दोघी जंगलात फिरल्या, मांडीची सालं काढली, टोपलीभर जीव उकळले. आणि नेसायचं होतं फक्त एकदा, आईनं, अगोदर. मला ही गोष्ट सांगताना दरवेळी इथं थांबावं लागतं. पाणी द्या जरा.

सायत्रा उठली. तिनं मनीरामला बाहेर पाठवलं, पोरीच्या अंगावरचं लुगडं सोडलं, तिला आपलं जुनं पांघरलं आणि ते लुगडं स्वतः नेसली. नेसून दाराबाहेर गेली. अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून मातामायच्या दगडापर्यंत धावत गेली, तिथं डोकं टेकलं आणि धावत परत आली. लोक दारात उभे राहिले. पन्नाशीची बाई, केस सुटलेले, अंगावर सोन्याच्या काठाचं लग्नाचं लुगडं. कोणाला वाटलं वेड लागलं. घरात येऊन तिनं ते फेडलं आणि पुन्हा पोरीला नेसवलं.

"घे बाई. आता जुनं झालं. मायनं नेसलं."

चिंधीनं पदर कानाशी नेला. हात तिला उचलवत नव्हता, आईनं धरला. तिनं हलवला, ऐकलं.

"आता नाही वाजत," ती म्हणाली. आणि दिवे लागायच्या आधी ती गेली.

मयताला कोरं कापड लागतं. पैकूनं स्वतः आणलं होतं, रडत रडत आणलं होतं. म्हणाला, "सायत्राबाई, आता तरी घालू द्या. आता काय राह्यलं?" सायत्रेनं ते त्याच्या हातातून घेतलं, घडी केली आणि परत दिलं. "नाही. माह्या तोंडाचा शब्द आहे. कोरं लावणार नाही. हिच्या अंगावर मायचं नेसलेलं आहे, त्यातच जाऊ द्या हिले." चिंधी त्याच लुगड्यात गेली. जगातलं पहिलं कोशाचं लुगडं तलावाच्या काठी जळलं, आणि त्याच्या धुरातून शेकडो पतंग उठून ऐनाच्या जंगलाकडं उडत गेले, असं म्हणतात. तो महिना पतंगांचा नव्हता.

सायत्रेनं ठरवलं की आता कोशाला हात लावायचा नाही. पण लग्नात शंभर डोळ्यांनी तो काठ पाहिला होता. पावसाळा सरतो न सरतो तोच नदीपलीकडच्या बाया येऊन विचारू लागल्या, धागा कसा काढला? तिनं सांगितलं नाही. तिनं दारातून हाकलून दिलं. मग त्यांनी आपल्या आपण करून पाहिलं, आणि एक दिवस तिला कळलं की पलीकडच्या गावात बाया टोपल्याच्या टोपल्या उकळतात आणि उकळताना गाणी म्हणतात, हसतात. सायत्रा नावेतून पलीकडं गेली. तिथं चुलीवर मडकं चढलेलं होतं. लोकांना वाटलं ही आता मडकं फोडेल. ती चुलीपुढं बसली. म्हणाली, "मी सांगून तुम्ही थांबणार नाही. असा धागा पाह्यल्यावर कोनी थांबत नाही, मीच थांबली नाही. मंग निदान रडाले तरी शिका. आत कोनाची तरी पोर आहे."

आणि तिनं शिकवलं. धागा कसा धरायचा, मांडीवर कसा वळायचा, राख किती टाकायची, सगळं शिकवलं. त्यासोबत आणखीही शिकवलं. कोसा पाळणाऱ्यानं अळ्या झाडावर असतील तोवर घरात मयत झाल्यासारखं राहायचं, डोक्याला तेल नाही, मासोळी नाही, जमिनीवर झोपायचं. सुतक आधी पाळायचं, मग उकळायचं. अळीला अळी म्हणायचं नाही, पोरी म्हणायचं. आणि दरवर्षी पहिला वाजणारा कोसा परत फांदीला बांधून द्यायचा, त्यातला मालक त्याच्या वेळेला जाऊ द्यायचा.

या गावातून त्या गावात, असं करत ती नदीच्या काठाकाठानं गेली. दसरू नाव वल्हवायचा, ती चुलीचुलीपुढं बसायची. जिथं ती मुक्काम करायची तिथं दुसऱ्या पावसाळ्यात ऐनाचं बन उगवायचं, असं म्हणतात. नागो कोष्टी म्हातारपणी तिच्यामागं गेला आणि त्यानं त्या त्या गावी माग बसवले. कोसा असा पसरला. लोकांना वाटतं राजांनी पसरवला. राजे नेसले हो. पसरवला तो एका आईनं, पोरीचं सुतक घरोघरी वाटत. लोक तिला कोसाई म्हणू लागले. तिला ते नाव आवडायचं नाही. ती म्हणायची, मला चिंधीची माय म्हणा.

दसरू गेल्यावर ती एकटीच ऐनोडीला परत आली आणि एका सकाळी जंगलात गेली ती आलीच नाही. गावानं आठ दिवस शोधलं. नवव्या दिवशी सगळ्यांत उंच ऐनाला, जिथं चिंधी बसायची तिथं, माणसाएवढा एक कोसा टांगलेला दिसला, असं म्हणतात. म्हाताऱ्यांनी भीत भीत त्याला कान लावला. गप्प होता. वरच्या तोंडाला भोक होतं. मालक गेला होता. तो कोसा कोणी तोडला नाही. पुढं वाऱ्यापावसानं विरून गेला, पण त्या झाडाला आजही कोणी कुऱ्हाड लावत नाही, आणि त्याच्या बुंध्याला लोक नवस बोलत नाहीत, फक्त जुन्या कापडाची चिंधी बांधतात.

आणि तुम्ही आज लग्नाला आलात म्हणून ही गोष्ट सांगितली. तुमच्यातल्या त्या पाहुण्या बाईनं मघाशी विचारलं ना, नवरीची आई नवरीच्या आधी नवरीचं लुगडं नेसून कशाला हिंडते, लाज नाही का? ती त्यासाठी हिंडते. आमच्या ऐनोडीत कोशाचं लुगडं पहिल्यांदा आई नेसते, दाराबाहेर जाते, मातामायला डोकं टेकते आणि परत येऊन फेडते. आई नसेल तर मावशी, मावशी नसेल तर गावातली कोणतीही लेकुरवाळी. माझ्या मायनं माझं नेसलं होतं, मी माझ्या लेकीचं नेसले. मी खरं सांगते, दगडापर्यंत जाताना वाटतं, धावत जावं.

मग लेकीला नेसवायचं. लेक विचारते, "माय, जुनं आहे ना?" आई म्हणते, "जुनंच आहे वो बाई, मी नेसली होती." लेक पदराचं टोक कानाशी धरते आणि हलवते. तेव्हा सगळा मांडव गप्प असतो, लेकरंसुद्धा. वाजंत्रीवाले सनई तोंडाशी धरून तिच्याकडं बघत थांबलेले असतात. ती मान हलवून सांगते, नाही वाजत. मगच ते वाजवतात.